गोळीचे पैसे कोणत्या खात्यातून?

फेब्रुवारी-मार्च आला की गावातल्या पगारदार मंडळींची एक वेगळीच सुगी सुरू होते. शाळेचे मास्तर, बँकेतले कॅशिअर, झेडपीतले क्लार्क, सगळे विम्याच्या पावत्या गोळा करू लागतात. आरोग्य विम्याचा हप्ता भरला, पावती लावली, तेवढा कर वाचला. यात गैर काही नाही. कायद्यानेच सवलत दिली आहे, ती घेतलीच पाहिजे. (२०२३-२४ पासून नवी कररचना आपोआप लागू होते आणि तिच्यात ही सवलत मिळत नाही, हे पुष्कळांना पावत्यांचा गठ्ठा तयार झाल्यावरच कळते, तो भाग वेगळा!)

पण वाचकहो, त्याच गावात, त्याच आळीत एक घर असे असते की त्याला मार्च काय आणि एप्रिल काय, सारखेच. चार एकर कोरडवाहू, दोन जनावरे. घरातला कर्ता माणूस तीन महिन्यांपासून नीट जेवत नाही. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसून राहतो. बियाण्याची पिशवी आणलेली तशीच कोपऱ्यात पडून आहे. विचारले तर म्हणतो, 'काही नाही, मन लागंना.' डॉक्टर याला नैराश्याचा आजार म्हणतात. त्याला औषध आहे आणि ते महागही नाही. तरी त्या घराला ते परवडत नाही. का परवडत नाही आणि त्याचे पैसे कुठून यायला हवेत, एवढाच आज आपला विषय आहे.

करसवलतीच्या जोरावर औषधपाणी करायचे, ही कल्पना सगळ्यात पुढे नेली अमेरिकेने. २००३ साली तिथे कायदा झाला आणि २००४ पासून 'हेल्थ सेव्हिंग्ज अकाउंट' सुरू झाली. आपण त्याला आरोग्य बचत खाते म्हणू. या खात्यात टाकलेल्या पैशावर कर नाही, तो वाढला तर वाढीवर कर नाही, आणि दवापाण्यासाठी काढला तर काढतानाही कर नाही. २०२६ सालासाठी एकट्या माणसाला ४,४०० डॉलर आणि कुटुंबाला ८,७५० डॉलर इतकी रक्कम त्यात टाकता येते. नैराश्याचा उपचार त्यात पूर्णपणे बसतो. मानसोपचारतज्ज्ञाची फी, उपचार म्हणून घेतलेले समुपदेशन, चिठ्ठीवरच्या गोळ्या, सगळे चालते. एवढेच काय, दवाखान्यात जाण्यायेण्याचे बसभाडेही या खात्यातून भागवता येते. फक्त मन रमावे म्हणून सहलीला गेलात तर तो खर्च धरत नाहीत.

ऐकायला झकास आहे. बसभाड्याची गोष्ट तर आपल्याकडच्या आमदार-खासदारांनी वहीत लिहून ठेवावी अशी आहे. पण या खात्याला दोन गाठी आहेत. पहिली म्हणजे ते उघडायला ठरावीक प्रकारचा विमा अगोदर असावा लागतो, ज्यात सुरुवातीचा मोठा खर्च रुग्णाने स्वतः सोसायचा असतो. दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. सवलतीचा फायदा माणूस कर किती भरतो यावर ठरतो. जो वरच्या पायरीवर ३७ टक्के कर भरतो, त्याचे शंभर डॉलरमागे ३७ वाचतात. जो खालच्या पायरीवर १२ टक्के भरतो, त्याचे १२ वाचतात. ज्याच्या हातात शिल्लकच नाही, त्याचे काय वाचणार? आजार दोघांचा एकच, पण सरकारचा हातभार श्रीमंताला तिपटीने जास्त.

तिथल्या शेतकऱ्यालाही हे खाते पुरलेले नाही. अमेरिकेतल्या कित्येक शेतकरी कुटुंबांत नवरा-बायकोपैकी एकजण शहरात नोकरी करतो, ती पगारासाठी असते तितकीच विम्यासाठी असते. शेतकऱ्यांच्या मनावरचा ताण हा वेगळा प्रश्न आहे हे तिथल्या संसदेनेही मानले. २००८ च्या शेती कायद्यात त्यासाठी मदतीचे जाळे उभारायची तरतूद झाली, आणि पैसा प्रत्यक्ष वाटपाला आला २०१९ मध्ये. अकरा वर्षे! म्हणजे लाल फीत काही आपल्याच देशात विणतात असे नाही.

आता आपल्या बांधावर येऊ. आपल्याकडे शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही. ती सवलत हक्काची आहे, तिच्याविरुद्ध आम्ही एक अक्षर लिहिणार नाही. शेतमजुराचे उत्पन्न तर कराच्या उंबरठ्यापर्यंतही पोचत नाही. पण जो कर भरतच नाही, त्याला करात सूट देऊन तुम्ही काय देणार? कोरड्या विहिरीवर मोटार बसवण्यासारखेच ते. विम्याच्या हप्त्यावर २५ हजार, म्हाताऱ्या माणसांसाठी ५० हजार अशी वजावट कायद्याच्या पुस्तकात कितीही शोभून दिसली, तरी तिचा एक रुपयाही चार एकरवाल्याच्या घरात येत नाही. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याखाली ठरावीक गंभीर आजारांच्या खर्चासाठीही एक यादी केली होती. कर्करोग, एड्स, मूत्रपिंड निकामी होणे, मेंदू आणि मज्जातंतूंचे काही आजार त्यात होते. नैराश्य त्यात नव्हते. म्हणजे कर भरणाऱ्या मास्तरालासुद्धा त्या वाटेने फार काही मिळत नव्हते.

एक सवलत मात्र शेतकऱ्यापर्यंत पोचू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी काढून टाकला आहे. पॉलिसी घेणारा कर भरतो की नाही, हा प्रश्न तिथे येत नाही. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने विमा कंपन्यांना सांगून ठेवले आहे की शरीराच्या आजाराला जसा विमा देता तसाच मनाच्याही आजाराला द्या. हा कायदा येण्यापूर्वी मनाचा आजार पॉलिसीतून सर्रास वगळलेला असे. तेव्हा हे पाऊल मोठे आहे, त्याचे श्रेय द्यायलाच हवे.

पण थांबा. पॉलिसी काढायला धावण्यापूर्वी एक गोष्ट समजून घ्या, कारण एजंट ती सांगेलच असे नाही. आपल्याकडचा साधा विमा हा दवाखान्यात दाखल होणाऱ्याचा विमा असतो. कॉटवर पडलात तर बिल मिळते. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, त्यांचाही भर दाखल होण्यावरच आहे. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला पाच लाखांचे संरक्षण आहे आणि रेशनकार्डाचा रंगही आडवा येत नाही. हृदयाचे ऑपरेशन झाले तर ही योजना घर वाचवते, हे आम्ही पाहिले आहे. पण नैराश्याच्या बहुतेक रुग्णांना दाखल व्हावेच लागत नाही. त्यांना दर महिन्याला एकदा डॉक्टरला भेटायचे असते आणि रोज एक गोळी घ्यायची असते. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटू लागल्यावरही सहा महिने ते वर्षभर ती चालू ठेवायची असते, आणि मनाने बंद करायची नसते. म्हणजे हा एकदम येणारा मोठा खर्च नाही. हा दर महिन्याला टिपटिप गळणारा खर्च आहे, आणि पाच लाखांचे कार्ड या गळतीला लावता येत नाही.

मग हा पैसा आज कुठून येतो? विचारून बघा. दुधाच्या बिलातून येतो, बायकोच्या बचत गटातून येतो, शेळी विकून येतो, नाहीतर पीककर्जातून. किसान क्रेडिट कार्डाच्या २०१२ च्या नियमांत एक बारीक तरतूद आहे, पीककर्जाच्या मर्यादेच्या दहा टक्के रक्कम काढणीनंतरच्या आणि घरखर्चाच्या गरजांसाठी धरलेली असते. अमेरिकेतल्या नोकरदाराला औषधासाठी बचत खाते, आणि आपल्या शेतकऱ्याला औषधासाठी कर्ज खाते! त्यातही ज्याचे कर्ज थकले आहे त्याला ही वाट बंद, म्हणजे ज्याच्या मनावर ओझे जास्त त्याच्याच तोंडावर दार. मग उरतो सावकार.

आणि पैसा खर्च होत नाही असेही नाही. खरी चीड येते ती इथे. नैराश्याचा माणूस दवाखान्यात जाऊन 'मला नैराश्य आलं' असे सांगत नाही. तो सांगतो, अंग दुखतं, हातपाय गळतात, छातीत धडधडतं, भूक नाही. मग अशक्तपणाचे सलाईन लागते. रक्त-लघवी तपासली जाते, शहरात नेऊन फोटो काढला जातो, सगळे नॉर्मल येते. नॉर्मल आले की घरचे म्हणतात, मग बाहेरचंच असणार. अमावास्येला देवऋषीकडे नारळ-कोंबडे होते. या सगळ्यात जेवढा पैसा जातो, तेवढ्यात साध्या कंपनीच्या गोळ्या कितीतरी महिने आल्या असत्या. फ्लुओक्सेटीन, एस्सिटालोप्राम, अॅमिट्रिप्टिलीन ही यातली नेहमीची औषधे देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहेत, त्यांच्या किमतीवर सरकारी लगाम आहे. (नावे दिली ती माहितीसाठी. डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मेडिकलमधून आणून खाण्यासाठी नव्हेत.) निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. वीस माणसांत साधारण एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येते आणि अशा शंभरांतले ८५ जण उपचाराविना राहतात, असे तिच्यात दिसले. त्या ८५ जणांतल्या पुष्कळांनी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवलेल्या असणार, असे आमचे मत आहे. फक्त त्या चुकीच्या आजारासाठी.

आणि शेतकऱ्याचे नैराश्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे फेटेवाला पुरुषच येतो. प्रत्यक्षात हा आजार बायकांत अधिक आढळतो. बाळंतपणानंतर गप्प झालेली सून, कर्ता गेल्यावर सगळा संसार अंगावर घेतलेली विधवा, यांच्या आजाराला तर घरात नावसुद्धा नसते. 'कामचुकार झालीय' म्हणून मोकळे होतात. तिच्या औषधाचे पैसे मागायचे तर ते नवऱ्याकडे, नाहीतर सासूकडे. करसवलतीचे खाते तिच्या नावाने कोण उघडणार?

मग या घरासाठी वाट कोणती? ती कायद्यात लिहून ठेवली आहे, आणि तीच आपण वाचत नाही. २०१७ च्या त्याच मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम १८ काढून बघा. आवश्यक औषधांच्या यादीतली मानसिक आजाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी दवाखान्यांत, सर्व काळ, सर्व रुग्णांना मोफत मिळाली पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याकडे कार्ड असो वा नसो, सरकारी दवाखान्यातला हा उपचार मोफत आहे. आणि आपल्या जिल्ह्यात किमान सरकारी सेवा नसेल, तर जिल्ह्यातल्या दुसऱ्या दवाखान्यातल्या उपचाराचा खर्च सरकारने सोसायचा, त्याची भरपाई देण्याचे नियम करायचे, इथपर्यंत कायदा गेला आहे. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरचेही पैसे लागत नाहीत.

वाचून वाटेल, मग अडले कुठे? अडले ते ग्रामीण रुग्णालयाच्या औषधाच्या खिडकीवर. 'गोळी संपलीय, पुढच्या आठवड्यात या,' नाहीतर 'बाहेरून घ्या'. रक्तदाबाच्या माणसाला हे ऐकावे लागले तर तो चिडतो, भांडतो, पुढाऱ्याला फोन लावतो. नैराश्याचा माणूस भांडत नाही. तो मान खाली घालून परत फिरतो आणि पुन्हा येत नाही. आजाराचा स्वभावच तसा आहे. म्हणून या औषधाचा साठा संपल्याची बोंब कधी होत नाही, आणि बोंब होत नाही म्हणून साठा येत नाही.

दुसरी अडचण अंतराची आहे. कायद्याने औषध ग्रामीण रुग्णालयापर्यंत आणले आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अलीकडेच सोडून दिले. आमच्या मते ही त्या कायद्यातली मोठी उणीव आहे. तालुक्याला जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली. एसटीचे तिकीट आले. रुग्णाला एकटे पाठवता येत नाही, म्हणून सोबत दुसरे माणूस, त्याचीही मजुरी गेली. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, त्यामुळे हल्ली सोबतीला बहुधा बायकोच असते, हा त्या योजनेचा कुणी न मोजलेला फायदा आहे. तरीही महिन्याच्या फुकट गोळ्यांसाठी दोन मजुऱ्या आणि दीड तिकीट, हा हिशेब हातावर पोट असलेल्या घराला जड जातो. तिथे गेल्यावर कळते की तज्ज्ञ डॉक्टर आज नसतात, त्यांचा वार वेगळा आहे! जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ पासून आहे. त्याचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याला येते. पण तो दिवस कोणता, हे गावातल्या माणसाला माहीत असते का? गॅस सिलिंडरची गाडी कधी येणार ते माहीत असते.

हे होऊच शकत नाही, असे कुणी म्हणू नये. आपल्याच अमरावती जिल्ह्यात ३० गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच लोकांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन माणसे ओळखली, पहिला धीर आणि पहिला उपचार तिथेच दिला, गरज पडली त्यांनाच डॉक्टरकडे धाडले. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणारे आधी शंभरात चार होते, ते दीड वर्षात सत्तावीस झाले. राहुल शिधये, विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अहवाल २०१७ मध्ये 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त छापून आला. गोव्यातही प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या शिकलेल्या माणसांना तयार करून सहा ते आठ बैठकांचा बोलण्याचा उपचार दिला गेला आणि तो गुणकारी ठरला. राज्य सरकारनेही २०१५ मध्ये चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. आशाताईंनी घरोघर जाऊन प्रश्न विचारायचे, खचलेला माणूस शोधायचा, अशी ती योजना. कल्पना उत्तम. पण आशाताईने माणूस शोधून खिडकीपर्यंत नेला आणि खिडकीवर गोळी नसेल, तर पुढच्या वेळी त्या घरात तिचे कोण ऐकणार?

सरकार म्हणेल, पैसा कुठून आणायचा. या राज्यात २००६ पासून आत्महत्याग्रस्त शेतकऱ्याच्या कुटुंबाला, प्रकरण 'पात्र' ठरले तर, एक लाख रुपये मिळतात. ते मिळालेच पाहिजेत. सगळ्या आत्महत्या नैराश्याच्या आजारातून होतात असेही आम्ही म्हणत नाही. भाव, कर्ज, पाऊस यांची जबाबदारी गोळीवर ढकलून कुणाला सुटू देता येणार नाही. पण २०२२ या एका वर्षात या राज्यात शेतीवर जगणाऱ्या ४,२४८ माणसांनी जीव दिला, ही राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची आकडेवारी आहे. मेल्यानंतरच्या एक लाखाला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष आहे, मग जिवंत माणसाच्या महिन्याच्या गोळ्यांना आणि एसटीच्या तिकिटाला का नसावे?

म्हणून आमचे मागणे साधे आहे. एकदा तज्ज्ञाने औषध ठरवून दिले की महिन्याच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून, जमल्यास उपकेंद्रातून मिळाव्यात. रक्तदाबाच्या मिळतात, तशाच. क्षयरोग्याला पोषणासाठी महिन्याला खात्यात पैसे देता येतात, तर याला दवाखान्यात जाण्यायेण्याचे भाडे द्यायला काय हरकत आहे? आणि ग्रामीण रुग्णालयात मानसिक आजाराच्या कोणत्या गोळ्या शिल्लक आहेत आणि तज्ज्ञाचा वार कोणता, हे फाटकावरच्या फळ्यावर खडूने लिहावे. त्याला तर निविदाही काढावी लागत नाही.

हे होईपर्यंत, वाचकहो, तुम्ही एवढे करा. घरात, शेजारी असा माणूस असेल तर त्याला एकट्याला सोडू नका. १४४१६ हा 'टेली-मानस'चा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, दिवसरात्र लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा तोंडी येत असेल तर उद्याची वाट पाहू नका, तसेच उठून जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. पोलीस केस होईल ही भीती मनातून काढा. २०१७ च्या कायद्याने अशा माणसाला गुन्हेगार न धरता त्याची काळजी घ्यायला सांगितले आहे.

आणि ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीवर 'गोळी नाही' असे उत्तर मिळाले, तर रुग्णाला बाकावर बसवून तुम्ही पुढे व्हा. चिठ्ठीवर 'औषध उपलब्ध नाही' असे तारखेसह लिहून मागा. कलम १८ चे नाव घ्या. एक प्रत वैद्यकीय अधीक्षकांना, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना द्या, रुग्ण कल्याण समितीत तुमच्या गावचा कुणी असेल तर एक त्यालाही. रुग्णाचे नाव झाकून एक प्रत आमच्याकडे धाडा. रुग्णालयाचे नाव, तारीख आणि संपलेली गोळी, एवढे आम्ही या पानावर दर आठवड्याला छापू.